कॉफीचे घरगुती जाते निवडताना

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर नरपड आणि घोलवड यांच्या दरम्यान चिखले हे गाव लागते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या चकत्या वाळवून पूड करण्याचा उद्योगही या पट्ट्यात चालतो. वाळवलेला जिन्नस खाऱ्या, दमट हवेत किती लवकर सादळतो, हे इथल्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही. कॉफीची पूडही त्याच जातीची. चिखल्यापासून वसई, मुंबई, अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उघडलेले पाकीट थोड्याच दिवसांत गुठळ्या धरते आणि तिचा वास नाहीसा होतो. म्हणूनच भाजलेल्या बिया आणून लागतील तेवढ्याच घरी दळण्याकडे अनेक कुटुंबे वळत आहेत. मग प्रश्न उरतो तो दळायचे कशात, हा.

दळण ताजे का हवे

बी भाजताना तिच्या आत कर्बवायू आणि सुगंधी द्रव्ये साठतात. बी अखंड असेपर्यंत ती हळूहळू बाहेर पडतात. दळल्यावर हवेला भिडणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि सुगंध पहिल्या तासाभरातच उतरू लागतो. हवाबंद डब्यात ठेवलेल्या बिया भाजल्यापासून सुमारे महिनाभर चांगल्या राहतात. पुडीला तेवढे आयुष्य नसते.

ताजेपणाइतकेच महत्त्व दळणाच्या एकसारखेपणाला आहे. बियांच्या वजनाचा साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की चव समतोल लागते, असा कॉफीच्या व्यवसायातील रूढ संकेत आहे. दळणात मैद्यासारखी भुकटी आणि जाड कण एकत्र असतील, तर भुकटीतून गरजेपेक्षा जास्त अर्क उतरून कडवटपणा येतो आणि जाड कण अर्धवट राहून आंबट, पाणचट चव देतात. एकाच पेल्यात दोन्ही दोष लागतात. यावर पाणी कमी-जास्त करणे किंवा महागडे यंत्र आणणे हा उपाय नव्हे. दळण सुधारले, तरच पेला सुधारतो.

मिक्सर आणि जाते

बाजारातील ग्राइंडर दोन जातींचे असतात. पहिल्यात मिक्सरप्रमाणे फिरणारे पाते असते. हे पाते बी दळत नाही, तोडते. जी बी पात्यापुढे अधिक वेळा येते ती अधिक बारीक होते. जाडी ठरवण्याचे साधन एकच, बटण किती वेळ दाबले ते. दुसऱ्या जातीत दोन दातेरी चकत्या किंवा शंकूच्या आकाराचे दोन भाग असतात. त्यांच्यामधील अंतर ठरवता येते आणि त्या अंतरातून निघण्याइतका बारीक झाल्यावरच कण खाली पडतो.

ज्या घरात दगडी जाते होते, तिथे हे तत्त्व नवे नाही. दोन दगड, मध्ये घातलेली मूठ मूठ वैरण आणि दगड गुळगुळीत झाले की पुन्हा लावलेली टाकी, असेच ते काम होते. कॉफीचा दातेरी ग्राइंडर म्हणजे त्याच जात्याची पोलादी धाकटी बहीण. फ्रान्समधील प्यूजो हे नाव आज मोटारींमुळे परिचित असले, तरी त्या घराण्याने कॉफीची हातजाती १८४० पासूनच बनवायला घेतली होती.

घरातल्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात काम भागेल का? काही अंशी भागते. बिया थोड्या घ्याव्यात, बटण क्षणभर दाबून सोडावे, दर वेळी भांडे हलवावे आणि भुकटी बारीक गाळणीने वेगळी करावी. पाते सलग फिरवल्यास पूड तापते. भांडे मात्र कॉफीपुरते वेगळे ठेवावे. धने-जिऱ्याचा वास कितीही धुतला तरी उरतो.

कोणत्या कॉफीला कोणते दळण

खरेदीपूर्वी घरात कॉफी कशी केली जाते, हे पाहावे. तुर्की पद्धतीला मैद्यासारखी पूड लागते. एस्प्रेसोला बारीक मिठाहून किंचित बारीक, तर दाक्षिणात्य पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला त्याहून थोडी जाड पूड चालते. कागदी गाळणीतून पाणी ओतून करायच्या कॉफीला रव्यासारखे आणि फ्रेंच प्रेसला लापशीच्या रव्यासारखे जाड दळण हवे.

एस्प्रेसोची गरज सर्वांत कडक असते. तिथे दळणातील केसभर फरकानेही पाणी तुंबते किंवा धो-धो निघून जाते. त्यामुळे अंतर अगदी सूक्ष्म टप्प्यांनी बदलणारा ग्राइंडरच लागतो आणि तो महाग पडतो. फ्रेंच प्रेस किंवा कागदी गाळणी वापरणाऱ्या घराला एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

केवळ फिल्टर कॉफी पिणाऱ्यांपुढे आणखी एक पर्याय आहे. माटुंग्यासारख्या भागांतील दुकाने समोर बिया दळून देतात. आठवड्यापुरतीच पूड आणली तर घरी ग्राइंडर नसला तरी चालते. अशा मिश्रणात चिकोरीही असते. भारतीय अन्नमानकांनुसार त्यात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते. पाकिटावरील आकडा वाचूनच घ्यावे. घरी दळणाऱ्यांनी चिकोरी ग्राइंडरमध्ये घालू नये. ती ओल धरून दात्यांना चिकटते. तयार चिकोरीपूड नंतर मिसळावी.

हाताचा की विजेचा

एका पेल्याला साधारण १५ ग्रॅम बिया लागतात. बहुतेक हातग्राइंडरांत एका वेळी २० ते ३० ग्रॅम मावतात, म्हणजे दोन पेल्यांची सोय झाली. चांगल्या पोलादी दात्यांना मध्यम दळणासाठी मिनिटभर पुरते. बारीक दळणाला वेळ आणि जोर दोन्ही अधिक लागतात. त्याच किमतीत विजेच्या यंत्रापेक्षा हातग्राइंडरचे दळण सहसा सरस असते, कारण पैसा मोटारीवर न जाता दात्यांवर जातो. एक-दोन माणसांच्या घराला तो उत्तम. सकाळी सहा पेले लागणाऱ्या घरात, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचे मनगट दुखत असेल तर, विजेचा घ्यावा.

परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवताना व्होल्टेज पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टची असतात. आपल्याकडील २३० व्होल्टवर ती जोडल्यास मोटार जळते. हातग्राइंडरला ही अडचण नाही.

दुकानात हातग्राइंडर पाहताना मधला दांडा धरून हलवावा. तो डगमगत असेल तर दोन दात्यांमधील अंतर फिरताना बदलत राहते आणि एकसारख्या दळणाची आशा संपते. दांड्याला दोन ठिकाणी बेअरिंगचा आधार असणे चांगले. सिरॅमिकचे दाते गंजत नाहीत, पण एखादा खडा आल्यास त्यांचा टवका उडतो; पोलादी दाते अधिक धारदार असतात, पण त्यांना ओल सोसत नाही. दाते सुटे मिळतात का आणि दुरुस्ती जवळपास होते का, याची चौकशी बिल होण्यापूर्वी करावी.

किनाऱ्यावरची निगा

बिया तांदळासारख्या निवडून मगच घालाव्यात. दाते कधीही पाण्याने धुऊ नयेत. कोरड्या ब्रशने झाडावेत आणि आठवड्यातून एकदा उघडून पुसावेत. समुद्राजवळच्या घरांत हे टाळल्यास गंज आणि शिळ्या तेलाचा खवट वास दोन्ही पदरी पडतात. कच्चे तांदूळ दळून ग्राइंडर साफ करण्याची युक्ती मोटारीवर ताण आणते, म्हणून ती टाळावी.

दळताना निर्माण होणाऱ्या स्थिर विजेमुळे पूड भांड्याला चिकटते. बियांवर पाण्याचे एक-दोन थेंब शिंपडले की ती कमी होते, असे ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी सहभागी असलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतील ओलच हे काम बव्हंशी करते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र ही युक्ती उपयोगी पडते.

बिया चिकमगळूरच्या असोत, कोडगूच्या असोत वा मेळघाटातील चिखलदऱ्याच्या, खर्चाचा क्रम एकच असावा: आधी ताज्या बिया, मग दातेरी ग्राइंडर, त्यानंतर वजनाचा लहान काटा आणि सर्वांत शेवटी कॉफीचे यंत्र. साध्या फिल्टरमध्येही नीट दळलेली कॉफी उत्तम उतरते. वाईट दळण मात्र कोणत्याही यंत्राला सावरता येत नाही.