कान्हेरीची डोंगररांग

कान्हेरीची डोंगररांग : मुंबई उपनगर व ठाणे जिल्ह्यांतील वनाच्छादित डोंगररांग. साष्टी बेटाचा हा कणा असून पश्चिमेस बोरिवली व गोरेगाव, तर पूर्वेस मुलुंड व भांडुप ही उपनगरे तिच्या पायथ्याशी आहेत. जांभूळमाळ हे सु. 468 मी. उंचीचे तिचे सर्वोच्च शिखर. रांगेचा बहुतेक भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. उद्यानाचे क्षेत्र सु. 104 चौ. किमी. असून वसई खाडीपलीकडील नागला वनखंडाचाही त्यात समावेश होतो.

इतिहास : रांगेतील काळ्या पाषाणात इ.स.पू. पहिल्या शतकापासून सु. हजार वर्षे बौद्ध लेणी खोदली जात होती. शंभराहून अधिक लेण्यांच्या या समूहाला कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांनी दाने दिल्याचे शिलालेखांतून कळते. क्र. 3 चा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील आहे. क्र. 90 च्या लेण्यात येथे आलेल्या पारशांचे अकराव्या शतकातील पहलवी लेख आहेत. पावसाचे पाणी पन्हळींतून पोढ्यांत (खडकात खोदलेल्या टाक्यांत) साठवण्याची येथील योजना आजही पाहण्याजोगी आहे. साष्टी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे, 1737 मध्ये मराठ्यांकडे आणि 1774 मध्ये इंग्रजांकडे गेली.

पाणी व वन : वाढत्या मुंबईची तहान भागवण्यासाठी 1860 मध्ये विहार व 1879 मध्ये तुळशी हे तलाव बांधण्यात आले. त्यांच्या पाणलोटात वस्तीला मज्जाव झाला व त्यामुळेच सभोवतालचे रान टिकले. मिठी, दहिसर, पोयसर व ओशिवरा या नद्या याच डोंगरांच्या पाण्यावर वाहतात.

निसर्ग : साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर व बांबू यांचे हे पानझडी वन आहे. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा सारे उतार जांभळे होतात. 2008, 2016 व 2024 मध्ये असा बहर आला. चितळ, सांबर, वानर तसेच अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी येथे आढळतात. 2018 मध्ये उद्यान व त्याच्या परिसरात कॅमेऱ्यांच्या साहाय्याने 47 बिबट्यांची नोंद झाली. भटकी कुत्री हेही त्यांचे भक्ष्य असल्याने कडेच्या वस्त्यांत त्यांचा वावर असतो.

लोक : वारली, मल्हार कोळी, कोकणा व कातकरी यांचे पाडे या रानात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वाघोबाची पूजा ते श्रद्धेने करतात. जंगलाच्या रक्षणाचा विचार त्यांना व त्यांच्या हक्कांना वगळून पुरा होत नाही.

सद्यःस्थिती : अतिक्रमणे, वणवे व कडेची बांधकामे यांचा ताण वनावर आहे. उच्च न्यायालयाने 1997 मध्ये अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला होता. गोरेगाव–मुलुंड व ठाणे–बोरिवली हे रस्ते डोंगराखालून बोगद्यांनी नेण्याची योजना असून जुलै 2024 मध्ये बोगद्यांच्या कामाचे भूमिपूजन झाले. विहार व तुळशी आज मुंबईच्या पाण्याचा अल्प वाटा पुरवतात. तरीही त्यांच्या पाणलोटातील रान राखणे हे शहराचे कर्तव्यच आहे.