पिल्लांची ऊब : आईच्या पंखापासून लोकरीच्या पेटीपर्यंत



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम, बालसंगोपन असे लेख नेहमी येतात. यंदा कोंबडीपालनाविषयी काही लिही, असा आपल्या अध्यक्षीणबाईंनी आग्रह केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. परंतु वीस वर्षे घरी कोंबड्या पाळीत आहे आणि त्यांविषयी मिळेल ते वाचीत आले आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी आता पेढीवरून एक दिवसाची पिल्ले आणून वाढवितात. मार्गशीर्ष-पौषात रात्री वीज गेली की सकाळी खुराड्यात पाच-दहा पिल्ले गारठून मेलेली सापडतात, हे दुःख आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. अंड्यांचा आणि कोंबड्यांचा पैसा हा घरात बाईच्या हातचा पैसा. म्हणून तो तोटाही तिचाच. विजेचा दिवा येण्यापूर्वी लोक पिल्ले कशी वाचवीत होते, याचा इतिहास मला म्हणूनच सांगावासा वाटतो. तो केवळ करमणुकीचा नाही, उपयोगाचाही आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. अंडे एकवीस दिवसांत फुटते. बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती मऊ लव असते, पिसे नसतात. पहिले दहा-पंधरा दिवस त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही. कोंबडीचे अंग मात्र आपल्यापेक्षा अधिक उष्ण, सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. आपली गावठी खुडूक कोंबडी दहा-बारा पिल्ले पंखाखाली घेते, तेव्हा ती ऊब त्यांना वरून, पाठीवर मिळते. पिल्ले गार पडली की आत शिरतात, तापली की बाहेर येतात. हे वरून मिळणे आणि आपखुशीने आत-बाहेर करणे, या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढचा सारा इतिहास त्यांच्याभोवतीच फिरतो.

आईवाचून अंडी उबविण्याची विद्या फार जुनी आहे. मिसर देशात अंडी शेणखतात पुरून उबवितात, असे ग्रीक पंडित अ‍ॅरिस्टॉटल याने दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. पुढे त्या देशात कच्च्या विटांच्या मोठाल्या भट्ट्या झाल्या. मध्ये बोळ, दोन्ही बाजूंस खोल्या, खालच्या खणात हजारो अंडी आणि वरच्या खणात गोवऱ्या व काड यांचा मंद विस्तव. उष्णतामापक यंत्र नव्हते. राखणारे लोक अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब जोखीत. आपणही तान्ह्याच्या अंघोळीचे पाणी कोपराने पाहतोच की! ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि बाहेरच्यास सांगत नसत. अशा काही भट्ट्या आजही चालू आहेत.

युरोपातील लोकांना या भट्ट्यांचे मोठे नवल वाटे. पण त्यांचा देश थंड. अंडी कशीबशी उबविली तरी बाहेर आलेली पिल्ले जगवायची कशी, ही खरी अडचण होती. ती सोडविण्यास फ्रान्सच्या रेने द रेओमूर याने हात घातला. हा १६८३ साली जन्मला आणि १७५७ साली वारला. उष्णतामापकाचे एक प्रमाण त्याच्या नावाने पुष्कळ वर्षे युरोपात चालत होते. गांधीलमाशी लाकडाच्या तंतूंपासून कागदासारखे घर करते, तेव्हा माणसासही लाकडापासून कागद करता येईल, हे त्यानेच सुचविले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, परंतु घोड्याच्या लिदीत पिंपे पुरून त्यांत अंडी उबवीत बसण्यास त्याला कमीपणा वाटला नाही. या साऱ्या प्रयोगांवर त्याने १७४९ साली पुस्तक प्रसिद्ध केले.

त्या पुस्तकातली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे त्याची ‘कृत्रिम आई’. ही एक पेटी होती. तिचे छप्पर मुनीमजींच्या उतरत्या मेजासारखे, एका बाजूस उंच आणि दुसऱ्या बाजूस ठेंगणे. आतून मेंढीचे कातडे लोकरीसकट लाविलेले. पिल्ले आत शिरली की लोकर त्यांच्या पाठीला टेके. लहान पिल्लू ठेंगण्या बाजूस जाई, वाढलेले उंच बाजूस थांबे. म्हणजे प्रत्येकाच्या अंगाबरोबर पंख! थंडी फार असली तर पेटीभोवती लिदीची ऊब द्यावयाची. कोंबडी काय करते हे त्याने आधी नीट पाहिले आणि तेच लाकडाने व लोकरीने करून दाखविले. पेटीत विस्तव नव्हता, दिवाही नव्हता.

पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकेत हीच कल्पना पुन्हा वर आली. तेथे १८७० नंतर अंडी उबविण्याची यंत्रे झपाट्याने वाढली. घासलेटच्या दिव्यावर चालणाऱ्या ऊबपेट्याही निघाल्या. परंतु दिव्याची वात चढे, काजळी धरे आणि आग लागे. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ‘बिनविस्तवाची पेटी’ लोकप्रिय झाली. साधे खोके, तळाशी गवत किंवा भुसा, आणि वर चौकटीला सैल ताणलेले लोकरीचे कापड किंवा गोधडी, ती पिल्लांच्या पाठीला हलकेच लागेल अशी. ऊब पिल्लांची स्वतःचीच. पेटीचे काम ती निसटू न देण्याचे. मात्र पिल्ले फार थोडी असली तर पेटी तापत नाही आणि फार झाली तर एकमेकांखाली चिरडतात, हे तेथील लोक अनुभवाने शिकले.

पिल्लांची स्वतःची ऊब किती कामाची असते, याचा एक दाखला पहा. १८९२ साली न्यू जर्सी प्रांतातील जोसेफ विल्सन याने एक दिवसाची पिल्ले आगगाडीने दूर शिकागोच्या बाजूस धाडली. पिल्लू फुटण्यापूर्वी अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे त्याला दोन-तीन दिवस दाणापाणी नसले तरी चालते. आणि खोक्यात दाटीने बसल्यावर ती एकमेकांना ऊब देतात. १९१८ पासून अमेरिकेच्या टपाल खात्याने अशी पिल्ले रीतसर घेण्यास आरंभ केला. अट इतकीच की ती ७२ तासांत पोचली पाहिजेत.

येथे आपल्यासारख्या एका गृहिणीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. डेलावेअर प्रांतात १९२३ साली सेसिल स्टील या बाईने घरच्या अंड्यांकरिता ५० पिल्ले मागविली. पेढीच्या चुकीने आली ५००! बाईने ती परत न पाठविता एक खोली बांधून वाढविली आणि जगलेली ३८७ पिल्ले खाण्याकरिता चांगल्या भावाने विकली. पुढल्या वर्षी तिने १,००० मागविली. मांसाकरिता कोंबड्या वाढविण्याचा तिकडचा प्रचंड धंदा या बाईपासून सुरू झाला असे मानतात. पाचशे पिल्लांना मात्र लोकरीची पेटी पुरत नाही. तिला दगडी कोळशाची शेगडी ठेवावी लागली. येथून दोन वाटा झाल्या. हजारांनी पाळणाऱ्यांची वाट शेगडीची, पुढे गॅसची आणि विजेची. विसा-पंचविसांनी पाळणाऱ्यांची वाट लोकरीची. पहिली वाट पुढे राजमार्ग झाली, आणि दुसरी लोक विसरले.

आपल्याकडेही तेच घडले. आपली गावठी कोंबडी वर्षाकाठी अंडी थोडी देते, पण पिल्ले जिवापाड सांभाळते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९५६ ते १९६१ या काळात, सरकारने कुक्कुटपालनाचा विस्तार हाती घेतला. पांढरी लेगहॉर्न कोंबडी खेड्यांत येऊ लागली. ही मूळची इटलीची. अंडी भरपूर, पण खुडूक सहसा होत नाही. कारण खुडूक कोंबडी त्या दिवसांत अंडी देत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्याच कोंबड्या निवडण्यात आल्या. अंडी वाढली आणि आई गेली. यंत्रातून निघालेल्या पिल्लांसाठी मग कंदील आला, शेगडी आली, विजेचा बल्ब आला. आईचे काम माणसाच्या अंगावर पडले आणि घरोघरी ते अर्थातच बाईकडे आले.

आता यातून आपण घ्यावयाचे ते थोडक्यात सांगते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीशी सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंश कमी करावी. बल्ब असला तरी शेजारी लोकरीची पेटी तयार असू द्यावी. माझ्याकडे खोक्यात चार बोटे भाताचे कोरडे तूस असते आणि वर चौकटीला जुन्या घोंगडीच्या पट्ट्या पिल्लांच्या पाठीपर्यंत लोंबत्या सोडलेल्या असतात. कडाक्याच्या थंडीत आणि पहिल्या आठवड्यात नुसती लोकर पुरत नाही. कढत पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवावी व निवेल तशी बदलावी. एका बाजूस पिल्लांना बाहेर पडण्यास वाट ठेवावी. वाऱ्याचा झोत नको, पण हवा कोंडू नये. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिचा विषारी धूर दिसत नाही, आणि तो पिल्लांइतकाच माणसांचाही घात करतो.

यंत्र जवळ नसले तरी पिल्लेच सारे सांगतात. एका ठिकाणी गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर गारठली आहेत. चोच उघडून दूर पळाली तर तापली आहेत. सगळीकडे पसरून निवांत असली तर ऊब बरोबर आहे. मिसरच्या भट्टीवाल्यांची पापणी, रेओमूरची लोकर आणि आपल्या आजीच्या डालग्यातली खुडूक कोंबडी, या तिघांची शिकवण एकच आहे. विस्तव वाढविण्यापेक्षा असलेली ऊब राखणे हे पिल्लांचे खरे संगोपन होय. या हिवाळ्यात वीज जाईल तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी घोंगडीची एक पेटी तयार असावी, एवढीच इच्छा व्यक्त करते.