लहान दीर्घिका: नवीन की जुनीच, नव्याने पेटलेली?

आजचा प्रश्न साधा वाटतो, पण त्याने खगोलशास्त्रज्ञांना पन्नास वर्षं छळलंय. लांबून एखादी छोटी दीर्घिका लखलख चमकताना दिसली, तर ती नुकतीच जन्मलीय, की जुनीच आहे आणि आत्ता नव्याने पेटलीय?

गोष्ट सुरू होते फ्रिट्झ झ्विकी यांच्यापासून. त्यांनी लहान, गच्च दीर्घिकांच्या याद्या केल्या. पहिल्या यादीतली अठरावी, म्हणजे ‘आय झ्विकी १८’, पुढे फार गाजली. १९७२ मध्ये लेनर्ड सर्ल आणि वॉलेस सार्जंट यांनी ही आणि आणखी एक अशा दोन दीर्घिकांचा प्रकाश तपासला. रंग निळा, म्हणजे तरुण, तापलेल्या ताऱ्यांची गर्दी. ऑक्सिजन मात्र सूर्याच्या तुलनेत फारच कमी. आता ऑक्सिजन तयार होतो ताऱ्यांच्या पोटात. तो कमी, म्हणजे ताऱ्यांच्या फार पिढ्या झालेल्या नाहीत. मग दोनच शक्यता उरल्या: एकतर दीर्घिका नवी, नाहीतर तिथे तारे अधूनमधून, झटक्यात बनतात आणि मधला बराच काळ सगळं सामसूम.

निकाल लागायला २००७ उजाडलं. हबल दुर्बिणीला तिथे जुने, मंद, लाल तारे सापडले. वय किमान १०० कोटी वर्षं! म्हणजे बाई नवी नव्हतीच.

पण असं थांबून थांबून का होतं? कारण दीर्घिका लहान. मोठे तारे काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत सुपरनोव्हा होऊन फुटतात, आणि तिचं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं, की त्या धक्क्याने वायू बाहेर फेकला जातो. कच्चा मालच गेला, तारे कुठून बनणार? काही काळाने वायू थंड होऊन परत आत येतो आणि पुन्हा भट्टी पेटते. जवळच्या बटू दीर्घिकांमधला हा हायड्रोजन मोजायचं काम आपल्या नारायणगावजवळच्या, खोडदच्या जीएमआरटीनेही केलंय बरं का.

हे झटके ओळखायला दोन घड्याळं वापरतात. तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश गेल्या साधारण १ कोटी वर्षांची खबर देतो, अतिनील प्रकाश साधारण १० कोटी वर्षांची. दोन्ही जुळले नाहीत, तर समजायचं की मधे काहीतरी बदललंय.

आणि मग आली जेम्स वेब. महास्फोटानंतर फक्त ७० कोटी वर्षांनी तिला एक छोटी दीर्घिका दिसली, जिथे तारे बनणं थांबून १-२ कोटी वर्षं झाली होती. २०२४ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. दुसरीकडे, त्या काळातल्या काही दीर्घिका अपेक्षेपेक्षा खूपच तेजस्वी निघाल्या. लगेच चर्चा सुरू झाली, विश्वाचा सिद्धांतच चुकला की काय! काही शास्त्रज्ञ म्हणाले, थांबा. छोटी दीर्घिका भडकलेली असतानाच आपल्या नजरेत भरते, शांत असताना हुकते. आपण भडकलेल्याच मोजतोय. वाद अजून चालू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘विश्वाचं गणित कोसळलं’ अशी हेडलाइन फोनवर आली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा: ही दीर्घिका खरंच एवढी मोठी आहे, की आपण तिला ऐन भरात पाहिलं?