मागे जाऊन मोजता येत नाही

गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी पहाटे उठून आम्ही न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनला गेलो. खरं सांगायचं तर मला पानगळीचे रंग बघायचे होते. पक्ष्यांचं वेड मित्राचं. मैलभर दगडधोंड्यांची वाट तुडवून 'नॉर्थ लुकआउट' नावाच्या खडकाळ टोकावर पोचलो, तर तिथे ही गर्दी! खडकांवर बसकुरं टाकून, डोळ्यांना दुर्बिणी लावून बसलेली माणसं. एका काठीवर प्लास्टिकचं घुबड, कारण त्याला हुसकवायला शिकारी पक्षी जवळ येतात. समोरच्या रांगेतल्या उंचवट्यांना चक्क एक ते पाच नंबर दिलेले. कुणी "तीन नंबरवर!" म्हणालं की सगळ्या माना तिकडे. आणि एकजण शांतपणे वहीत आकडे टिपत बसलेला.

मला प्रश्न पडला, की हे मोजून करायचं काय? पक्षी बघा, खूष व्हा, घरी जा. घरी आल्यावर वाचत गेलो आणि त्या वहीनं मला चांगलंच अडकवलं.

ही किटाटिनी डोंगररांग ईशान्येकडून नैऋत्येकडे लांबच लांब पसरली आहे. शरदात वायव्येचा वारा तिच्यावर आपटतो आणि वर उसळतो. दक्षिणेकडे निघालेले ससाणे, गरुड आणि त्यांचे भाऊबंद त्या वाऱ्यावर पंख पसरून, जवळजवळ न फडफडता मैलोगणती जातात. मेहनत वाचते, पण त्यासाठी त्यांना डोंगरमाथ्याला धरून, माणसाच्या अगदी नजरेच्या टप्प्यात उडावं लागतं. बंदुकीच्याही टप्प्यात!

तेव्हा शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या पळवणारे चोर, अशीच समजूत होती. गॉसहॉक मारणाऱ्याला तर १९२९ पासून राज्य सरकार ५ डॉलर बक्षीस देत होतं. सुट्टीच्या दिवशी लोक या माथ्यावर येऊन शेकड्यांनी पक्षी पाडत. १९३२ मध्ये रिचर्ड पाउ नावाच्या तरुणानं मेलेले पक्षी जंगलात ओळीनं मांडून त्यांची छायाचित्रं काढली. ती न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंनी पाहिली. बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या, वय ५६. निवेदनं देत बसण्यापेक्षा त्यांनी सरळ १९३४ मध्ये ५०० डॉलर देऊन सुमारे १,४०० एकरांचा तो डोंगरच भाड्यानं घेतला! पुढे विकतही घेतला. राखणीला आले मॉरिस ब्राउन आणि त्यांच्या पत्नी अर्मा. मॉरिस वर माथ्यावर, अर्मा खाली फाटकाशी. बंदुका घेऊन आलेल्यांना त्या परत पाठवत.

गोळीबार थांबला. गोष्ट इथेच संपली असती तरी छान होती. पण मॉरिस ब्राउन यांनी त्याच शरदापासून मोजायला सुरुवात केली. रोज किती पक्षी, कुठल्या जातीचे. गरुड असेल तर पिल्लू की प्रौढ. बाल्ड ईगलचं डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे कोवळा गरुड उडतानाही ओळखू येतो.

आता तारखा बघा. मोजणी सुरू झाली १९३४ मध्ये. डीडीटीनं कीटक मरतात हे पाउल म्युलर यांना कळलं १९३९ मध्ये. महायुद्धामुळे १९४३ ते १९४५ ही तीन वर्षं मोजणी बंद होती. ब्राउन नौदलात गेले होते. ते परतले तोवर डीडीटी साध्या दुकानांत मिळू लागलं होतं. म्हणजे त्यांच्या वह्यांमध्ये डीडीटीच्या आधीचंही आकाश होतं आणि नंतरचंही.

रेचल कार्सन स्वतः १९४५ मध्ये या माथ्यावर येऊन गेल्या होत्या. १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' मध्ये त्यांनी ब्राउन यांचे आकडे वापरले. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या बाल्ड ईगलपैकी ४० टक्के त्या वर्षीची पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये कोवळे गरुड उरले २० टक्के. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एक! मला इथे खरा धक्का बसला. कारण सहज बघायला आलेल्याला तेव्हाही गरुड दिसतच होते, पांढऱ्या डोक्याचे, रुबाबदार. सगळं ठीक आहे असंच वाटलं असतं. मोजणाऱ्यालाच कळलं की म्हातारे तेवढे उडताहेत, मागून कुणी येत नाहीये. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होतात हे तर ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी पुढे १९६७ मध्ये दाखवलं. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये, आणि २००७ मध्ये बाल्ड ईगल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला.

१९३४ मध्ये ब्राउन यांना यातलं काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आणि १९६२ मध्ये कितीही पैसे ओतले असते तरी १९३५ चे गरुड कुणाला मोजता आले नसते.

हे वाचताना मला आजोबा आठवले. कोकणातल्या घराच्या अंगणात त्यांनी पर्जन्यमापक बसवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला छत्री धरून जायचे आणि वहीत आकडा लिहायचे. तापात असले तर आजीला पाठवायचे. आम्ही नातवंडं हसायचो, "आजोबा, पाऊस मोजल्यानं थांबतो का हो?" ते नुसतं "हं" म्हणायचे. घर विकलं तेव्हा त्या वह्या, तीसेक वर्षांच्या, मीच सुतळीनं बांधून रद्दीवाल्याला दिल्या. किती किलो भरल्या तेवढं मात्र मी बघितलं.

असो. परत जाताना त्या मोजणाऱ्याजवळून गेलो तेव्हा त्याचं लक्ष चार नंबरवर होतं. एक कोवळा, तपकिरी डोक्याचा बाल्ड ईगल येत होता. त्यानं पेन्सिल उचलली आणि एक रेघ ओढली.