कोकणातले बनी इस्राईल : मराठी बोलणाऱ्या यहुदींचा इतिहास

नववीच्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालू होता. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "सर, यहुदी लोक मराठी बोलतात का?" सगळा वर्ग हसला. आम्ही म्हणालो, "हसू नका. बोलतात. आणि आपल्यापेक्षा जुनी मराठी बोलतात." मग मुलं गप्प झाली.

त्या दिवशी आमच्या लक्षात आलं की आपल्या घरांतल्या मुलांना 'यहुदी' हा शब्द दोनच ठिकाणी भेटतो. एक, मकतबमध्ये हजरत मूसा (अ.) आणि फिरऔनच्या किस्स्यात. दुसरा, मोबाइलवर येणाऱ्या फिलस्तीनच्या बातम्यांत. या दोहोंच्या मध्ये काही हजार वर्षं गेली आणि त्यातली बरीच आपल्या अलिबाग, पेण, पनवेलच्या पट्ट्यात गेली, हे कुणी सांगतच नाही. सोलापूरहून गाडीत बसलं की एका रात्रीत मुंबई येते, तिथून समोरच्या किनाऱ्यावर अलिबाग. इतक्या जवळचा हा इतिहास आहे. तो घरात बसून वाचता यावा म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट समजून घेऊ

'इस्राईल' हा हजरत याकूब (अ.) यांचा लकब. त्यांची औलाद ती बनी इस्राईल. कुरआन शरीफच्या सतराव्या सूरहला सूरह बनी इस्राईल असंही म्हणतात. 'यहुदी' म्हणजे या धर्माचे लोक, मग ते मुंबईत राहोत, न्यूयॉर्कमध्ये राहोत की मोरोक्कोत. 'इस्रायल' हा १९४८ साली स्थापन झालेला देश. आणि 'झायोनिझम' ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात उभी राहिलेली राजकीय चळवळ. हे चार शब्द आपण एकाच पोत्यात भरतो, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

जगाचा इतिहास, थोडक्यात

इ.स.पूर्व ५८६ : बाबिलोनच्या बादशहाने जेरुसलेम आणि तिथलं इबादतगाह उद्ध्वस्त केलं. उर्दू किताबांत त्याचं नाव बुख्तनस्सर असं येतं. हजारो यहुदी कैद करून नेले गेले.

इ.स. ७० : रोमनांनी दुसरं इबादतगाहही पाडलं. यानंतर यहुदी मोठ्या प्रमाणावर जगभर पांगले.

इ.स. ६२२ : हिजरतनंतर नबी (सल्ल.) यांनी मदिन्यात करार केला, तो मीसाक-ए-मदीना. त्यात यहुदी कबिल्यांना आपल्या दीनवर राहण्याचा हक्क होता. पुढे काही कबिल्यांशी संघर्ष झाला, तोही इतिहासाचाच भाग आहे. आशुऱ्याचा रोजा आपण धरतो, त्यामागे हजरत मूसा (अ.) यांच्या सुटकेची आठवण आहे, हे हदीसमध्ये आहेच.

१०९९ आणि ११८७ : ख्रिस्ती क्रुसेडरांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा मुसलमान आणि यहुदी दोघांचीही कत्तल झाली. सलाहुद्दीन अय्युबी यांनी ११८७ साली शहर परत घेतल्यावर यहुदींना तिथे पुन्हा राहता आलं. यहुदींचे मोठे आलिम मूसा बिन मैमून याच काळातले. स्पेनमधल्या मुवह्हिदीन राजवटीच्या जुलमामुळे त्यांच्या घराण्याला कुर्तुबा सोडावं लागलं आणि शेवटी आसरा मिळाला तो इजिप्तमध्ये, सलाहुद्दीनच्या दरबारात हकीम म्हणून. म्हणजे छळणारेही मुसलमान, आसरा देणारेही मुसलमान. इतिहास असा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो.

१४९२ : ख्रिस्ती राजवटीने स्पेनमधून यहुदींना हाकलून दिलं. उस्मानी सुलतान बायझीद दुसरे यांनी त्यांना आपल्या मुलखात जागा दिली.

१९३३ ते १९४५ : हिटलरच्या राजवटीत सुमारे ६० लाख यहुदी मारले गेले.

१९४८ : इस्रायल देश स्थापन झाला. त्याच काळात सुमारे सात लाख फिलस्तिनी घरादाराला मुकले. ही जखम अजून भरलेली नाही.

हे झालं जगाचं. आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

नवगावचं फुटलेलं गलबत

कोकणातले यहुदी स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणवतात. हा आपल्याच 'बनी इस्राईल'चा हिब्रू उच्चार. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकीकत अशी : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. सामान गेलं, धर्मग्रंथ गेले. जे बुडाले त्यांना नवगावातच पुरलं. तिथे आज त्यांचं स्मारक उभं आहे.

वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवार हा त्यांचा पाक दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. किताब हातात नव्हती, हिब्रू विसरली गेली, तरी चार गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. शनिवार पाळला, मुलांची खतना केली, खाण्यातलं हलाल-हराम सांभाळलं आणि 'शेमा' हा त्यांचा तौहीदचा कलमा तोंडपाठ ठेवला. किताबेशिवाय इतकी शतकं दीन जपणं काय असतं, हे पालकांनी मुलांना जरूर सांगावं.

आडनावं त्यांनी गावांवरून घेतली : नवगावकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, चेऊलकर. नावंही मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा समाजी झाला, इझिकेलचा हसाजी.

काजी, रोजा आणि मलिदा

आमच्या वाचकांना सर्वांत जास्त नवल वाटेल ते इथे. या समाजात धार्मिक कामं पाहणाऱ्याला 'काजी' म्हणत. गावातल्या प्रमुखाला 'मुकादम'. प्रार्थनास्थळाला मराठीत 'मशीद' म्हणायची रीत होती. त्यांच्या सणांची जुनी नावं बघा : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. एका उपवासाच्या काळाला तर ते 'रमजान'च म्हणत. हे शब्द कोकणातल्या मुसलमान शेजाऱ्यांशी असलेल्या घरोब्यातूनच आले असणार.

आणि मलिदा! आपल्याकडे नियाजला मलिदा होतो, तसा त्यांच्याकडेही होतो. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि फळं असं ताट मांडतात आणि एलियाहू नबींची आठवण करून दुआ मागतात. एलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास (अ.). नवस फेडताना, नव्या घरात जाताना, लग्नाच्या आधी हा मलिदा हमखास असतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू नबींच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, तिथेही लोक मलिदा घेऊन जातात. लग्नात मेंदी, हातात हिरवा चुडा, जेवणात नारळाच्या रसातली आमटी हे सगळं कोकणचंच.

टिपू सुलतान आणि मुंबईची जुनी मशीद

अठराव्या शतकात हे लोक मुंबईत येऊ लागले आणि बरेच जण कंपनीच्या फौजेत शिरले. त्यातले एक सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानच्या फौजेच्या हाती सापडले. समाजात सांगितली जाणारी हकीकत अशी की, कैद्यांना त्यांची जमात विचारली तेव्हा त्यांनी "बनी इस्राईल" असं सांगितलं. टिपूच्या वालिदा म्हणाल्या, यांचं नाव तर कुरआनमध्ये आहे, यांना मारू नका. हकीकत समाजाच्या तोंडी आहे. पण सुटून आल्यावर दिवेकरांनी शुक्राना म्हणून १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, हा लेखी इतिहास आहे. त्याचं नाव शआर हारहमीम, म्हणजे रहमतचा दरवाजा. 'रहमत' आणि 'रहमीम' एकाच मुळातले, हे वेगळं सांगायला नको. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणतात, आणि मध्य रेल्वेच्या 'मशीद' स्थानकाचं नाव यावरूनच पडलं असं सांगितलं जातं.

हिब्रू परत आली, ती मराठीतून

विसरलेली हिब्रू त्यांनी पुन्हा शिकली. कोचीनच्या यहुदींनी शिकवलं, मुंबईत पाद्री जॉन विल्सन यांच्या शाळांतूनही शिक्षण मिळालं. विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांना वाटलं होतं हे लोक ख्रिस्ती होतील. त्यांनी विद्या घेतली, दीन सोडला नाही. पुढे सणाच्या प्रार्थनांचे मराठी तर्जुमे छापले गेले. १८८० च्या सुमारास तर त्यांच्यात मराठी कीर्तनं होऊ लागली. आख्यान हजरत इब्राहीम, मूसा, दाऊद (अ.) यांचं, आणि चाल थेट हरिदासांची.

शाळांकडे त्यांचं लक्ष सुरुवातीपासून होतं. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. रिबेका रुबेन या विदुषी १९२२ पासून जवळजवळ तीन दशकं तिच्या मुख्याध्यापिका होत्या. मुस्लिम मुलींच्या शिक्षणासाठी आज धडपडणाऱ्या आपल्या संस्थांनी या बाईंचं नाव लक्षात ठेवावं.

बगदादचे ससून

मुंबईत आणखी एक यहुदी समाज आला, बगदादी. डेव्हिड ससून हे बगदादच्या वाली दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून निघाले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत पोहोचले. घरात अरबी बोलणारं हे घराणं कापूस आणि अफूच्या व्यापारात गब्बर झालं. अफूने चीनमध्ये किती घरं बुडवली हेही विसरू नये. पण त्या पैशातून उभ्या राहिलेल्या गोष्टी आपण आजही वापरतो : पुण्याचं ससून रुग्णालय, मुंबईचा ससून डॉक, काळा घोड्याचं ससून वाचनालय. सोलापुरात केस अवघड झाली की डॉक्टर म्हणतात, "ससूनला न्या." ते ससून हेच. पुण्याचं लाल देऊळही त्यांनीच बांधलं, आणि त्याच आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे.

भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून घराण्याच्या शाळा आहेत. त्या काढल्या यहुदी मुलांसाठी. यहुदी वस्ती निघून गेल्यावर शाळा बंद पडल्या नाहीत. आज तिथे शिकणारी बहुतेक सगळी मुलं मुसलमान आहेत. आजूबाजूच्या मोहल्ल्यांतली मुलं-मुली दावीदचा तारा असलेल्या फाटकातून सकाळी आत जातात. शिक्षक म्हणून आम्हाला यापेक्षा मोठा धडा ठाऊक नाही.

भेद त्यांच्यातही होता

सगळं गोडगोड नव्हतं. बगदादी यहुदी कोकणातल्या यहुदींना कमी लेखत. १८३६ साली बगदाद्यांनी मुंबईच्या कबरस्तानात मध्ये भिंत घालून मागितली होती. 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद बेने इस्राएलांच्या आतही होता.

१९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले. इथे कुणी त्यांना छळलं म्हणून ते गेले नाहीत. धर्माची ओढ होती, कामधंद्याची आशा होती. तिथे मात्र त्यांच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली गेली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की या लोकांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. दोन हजार वर्षं शनिवार पाळलेल्यांना पुरावा मागितला गेला! बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. शेवटी १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचं जाहीर केलं आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. "तू इथला का? कागद दाखव," हा प्रश्न कुणालाही विचारला तरी किती बोचतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

इस्रायलला गेलेल्यांनी मराठी सोडली नाही. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं.

आज किती उरले?

१९५१ च्या जनगणनेत देशभरात २६ हजारांहून अधिक यहुदी होते. २०११ मध्ये ४,६५० राहिले, त्यातले २,४६६ महाराष्ट्रात. २०१६ साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. लोक थोडे, पण नावं मोठी : कवी निसीम इझिकेल, मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस, 'बूट पॉलिश'मधले डेव्हिड (पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर), 'आलम आरा'चे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर. आकाशवाणीची पहाटेची धून बांधणारे वॉल्टर कॉफमन हेही युरोपातून मुंबईत आलेले यहुदीच.

शेवटी मुलांसाठी

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, त्यात नरिमन हाऊसमधले यहुदीही मारले गेले. तेव्हा मुंबईच्या मुस्लिम कबरस्तानाच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला नकार दिला. बेगुनाहांना मारणाऱ्यांशी आमचं नातं नाही, हे त्यांनी कृतीने सांगितलं.

हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. कुठे काही घडलं की आपल्या मुलांना जाब विचारला जातो, तेव्हा आपण म्हणतो, "त्यांनी केलं, आम्ही नाही." मग गाझामध्ये एका सरकारने जे केलं त्याचा जाब आपण पेणच्या पेणकरांना विचारायचा का? जुलमाला जुलूम म्हणू, मोठ्याने म्हणू, फिलस्तीनसाठी दुआही करू. पण शेजाऱ्याला शेजारीच म्हणू.

त्या मुलाला आम्ही पुढच्या तासाला कामाला लावलं. नकाशात नवगाव शोधून आण म्हणालो. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला, खाली स्वतःच लिहिलं होतं : "सर, हे तर अलिबागच्या अगदी जवळ आहे."