उत्तरार्धातील पडझड : पुणे वॉरियर्सच्या २०१२ च्या मोसमाचे ऐतिहासिक विश्लेषण

प्रस्तावना

क्रीडास्पर्धांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या अंगाने लिहिला जातो. विजेत्याचे नाव करंडकावर कोरले जाते, उपविजेत्याचीही नोंद राहते. परंतु मोसमाच्या पूर्वार्धात आशा निर्माण करून उत्तरार्धात कोसळलेल्या संघाचा वृत्तान्त गुणतक्त्यातील एका ओळीत संपतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासाने मात्र अशा पडझडींची स्मृती आवर्जून जपली आहे. १९६४ साली फिलाडेल्फिया फिलीज हा संघ अवघे १२ सामने शिल्लक असताना साडेसहा सामन्यांनी आघाडीवर होता. त्यानंतर तो सलग १० सामने हरला आणि विजेतेपद सेंट लुईस कार्डिनल्सकडे गेले. २०११ साली बोस्टन रेड सॉक्स संघाने सप्टेंबरच्या आरंभी असलेली नऊ सामन्यांची आघाडी गमावली आणि साखळीच्या अखेरच्या दिवशी तो बाद फेरीला मुकला. अशा घटनांचे स्पष्टीकरण सहसा ‘दडपण’, ‘मनोधैर्य’ किंवा ‘दैव’ या शब्दांनी केले जाते. हे स्पष्टीकरण पुरेसे आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील एका उदाहरणाच्या आधारे तपासणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. हे उदाहरण म्हणजे इंडियन प्रीमियर लीगमधील पुणे वॉरियर्स या संघाचा २०१२ चा मोसम होय.

पार्श्वभूमी : द्रुतगती मार्गाची दोन टोके

मार्च २०१० मध्ये सहारा उद्योगसमूहाने ३७ कोटी डॉलर इतकी बोली लावून पुण्याच्या संघाचे हक्क मिळवले. संघ पुण्याचा असला तरी पुण्याजवळील नवे मैदान तयार नसल्याने २०११ च्या पहिल्या मोसमात त्याचे घरचे सामने नवी मुंबईत, नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर झाले. १ एप्रिल २०१२ रोजी गहुंजे येथील मैदानाचे उद्घाटन झाले आणि संघ तेथे गेला. या स्थलांतराची भौगोलिक बाजू लक्षणीय आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो आणि त्याच्या पुण्याकडील टोकाजवळ, त्याच मार्गालगत, गहुंजेचे मैदान आहे. म्हणजे कळंबोली, पनवेल व नवी मुंबई या परिसरातील प्रेक्षकासाठी जो संघ २०११ मध्ये हाकेच्या अंतरावर खेळत होता, तो एका वर्षात घाटापलीकडे गेला. आणि पुणेकरांसाठी तो दुसऱ्या वर्षी प्रथमच खऱ्या अर्थाने घरी आला. ‘घरचा संघ’ ही संकल्पना या संघाच्या बाबतीत आरंभापासूनच अस्थिर होती.

२०११ च्या मोसमात संघाने पहिले दोन सामने जिंकले, नंतर सलग सात गमावले आणि दहा संघांत नववे स्थान मिळवले. २०१२ च्या मोसमापूर्वीची परिस्थिती अधिकच बिकट होती. कर्णधार युवराज सिंग कर्करोगावरील उपचारांमुळे उपलब्ध नव्हता. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी, खेळाडूंच्या लिलावाच्या दिवशीच, सहाराने भारतीय क्रिकेट नियामक मंडळाशी असलेले संबंध तोडत असल्याचे जाहीर केले व लिलावात भाग घेतला नाही. त्याच महिन्यात तडजोड होऊन संघ स्पर्धेत राहिला. परंतु लिलावातून संघबांधणी करण्याची संधी हुकली होती. नेतृत्व सौरव गांगुली यांच्याकडे आले.

पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

२०१२ मध्ये नऊ संघ होते, प्रत्येक संघाचे १६ साखळी सामने होते व पहिले चार संघ पुढील फेरीस पात्र ठरणार होते. पुण्याने ६ एप्रिलला वानखेडे मैदानावर मुंबई इंडियन्सला २८ धावांनी नमवले. ८ एप्रिलला गहुंजे येथे किंग्ज इलेव्हन पंजाबवर, १४ एप्रिलला तेथेच चेन्नई सुपर किंग्जवर आणि २१ एप्रिलला दिल्लीत दिल्ली डेअरडेव्हिल्सवर विजय मिळवला. सात सामन्यांत चार विजय, म्हणजे आठ गुण झाले होते. हीच गती टिकली असती तर १६ सामन्यांअखेर सुमारे १८ गुण झाले असते. त्या वर्षी चौथ्या स्थानासाठी १७ गुण पुरेसे ठरले, हे पाहता पुण्याची आशा निराधार नव्हती.

यानंतर मात्र संघ एकही सामना जिंकू शकला नाही. २४ एप्रिलला दिल्लीकडून आठ गडी राखून पराभव झाला. २६ व २९ एप्रिलला डेक्कन चार्जर्सकडून अनुक्रमे १८ व १३ धावांनी, ३ मे रोजी मुंबईकडून अवघ्या एका धावेने आणि ५ मे रोजी कोलकाता नाइट रायडर्सकडून ७ धावांनी संघ हरला. ८ मे रोजी राजस्थान रॉयल्सने सात गडी राखून हरवले. त्यानंतर बंगलोरकडून ३५, राजस्थानकडून ४५ आणि १९ मे रोजी कोलकात्याकडून ३४ धावांनी पराभव पत्करावा लागला. सलग नऊ पराभवांनंतर संघ आठ गुणांवरच थांबला आणि तक्त्यात तळाला गेला.

पडझडीचे विश्लेषण

या नऊ पराभवांकडे एकसंध घसरण म्हणून पाहणे योग्य ठरत नाही. २६ एप्रिल ते ५ मे या काळातील चार पराभवांचे एकत्रित अंतर केवळ ३९ धावांचे आहे. अखेरच्या तीन पराभवांचे अंतर ११४ धावांचे आहे. पहिल्या टप्प्यात संघ विजयाच्या जवळ जाऊन हरत होता, दुसऱ्या टप्प्यात तो स्पष्टपणे पराभूत होत होता.

गुणांचे गणित ही विभागणी अधिक ठळक करते. ११ सामन्यांनंतर, म्हणजे मुंबईविरुद्ध एका धावेने हरल्यावरही, पुण्याला उरलेले सर्व सामने जिंकून १८ गुणांपर्यंत पोहोचता आले असते. ५ मेच्या पराभवानंतर ही कमाल मर्यादा १६ वर आली. अंतिम तक्त्याच्या आधारे पाहता दार त्या दिवशी बंद झाले. परंतु त्या दिवशी हे कोणालाही निश्चितपणे ठाऊक असणे शक्य नव्हते. शेवट माहीत असलेला अभ्यासक ‘निर्णायक क्षण’ मागाहून ठरवतो, प्रत्यक्ष काळात जगणाऱ्यांना तो दिसत नाही, ही इतिहासलेखनातील परिचित अडचण येथेही आढळते.

‘दैव प्रतिकूल होते’ हे स्पष्टीकरणही याच गणितावर तपासता येते. ३९ धावांच्या अंतराचे ते चारही सामने पुण्याने जिंकले असते असे मानले, तरी एकूण गुण १६ झाले असते. चेन्नई व बंगलोर हे दोन्ही संघ १७ गुणांवर होते आणि निव्वळ धावगतीच्या आधारे चेन्नई पुढे गेला. बंगलोरने आपला अखेरचा साखळी सामना डेक्कन चार्जर्सविरुद्ध ९ धावांनी गमावला होता. दैवाने निसटत्या अंतरावर घात केला असे म्हणावयाचे झाल्यास ते बंगलोरच्या बाबतीत अधिक सयुक्तिक ठरेल. पुण्याच्या अपयशाला दैव पुरेसे नाही.

तिसरी बाब धावांच्या पाठलागाची आहे. सलग नऊ पराभवांपैकी सात पराभव दुसऱ्यांदा फलंदाजी करताना झाले. संपूर्ण मोसमात संघाने नऊ वेळा धावसंख्येचा पाठलाग केला आणि त्यात चेन्नईविरुद्धचा एकच प्रयत्न यशस्वी झाला. याउलट चारपैकी तीन विजय प्रथम फलंदाजी करून मिळाले होते. ३ मेच्या सामन्यात मुंबईच्या १२० धावांना उत्तर देताना चार गडी शिल्लक असूनही पुणे ११९ धावांवर थांबले. म्हणजे उणीव उत्तरार्धात निर्माण झाली नव्हती. प्रारंभीच्या विजयांनी ती झाकली गेली होती. पाठलागात डाव सावरून अखेरीस गती वाढवणारा फलंदाज संघाजवळ नव्हता, आणि हे काम करू शकणारा युवराज मैदानाबाहेर होता, ही संगती दुर्लक्षिता येत नाही.

चौथी बाब मैदानाची. नऊपैकी सहा पराभव गहुंजे येथेच झाले. गहुंजेवरील पहिले दोन सामने जिंकणाऱ्या संघाने त्याच मैदानावरील पुढील सहाही सामने गमावले. घरच्या मैदानाचा लाभ खेळपट्टीच्या दीर्घ परिचयातून आणि प्रेक्षकांशी जुळलेल्या नात्यातून मिळतो. महिनाभरापूर्वी उघडलेले मैदान आणि वर्षापूर्वी दुसऱ्या टोकाला राहणारा संघ यांच्यात असा परिचय निर्माण होण्यास अवधीच मिळाला नव्हता.

तीन मोसमांचा संदर्भ

२०१२ ची घसरण एकाकी घटना असती, तर ती मानसिक दडपणाचा परिणाम मानता आली असती. परंतु २०१३ च्या मोसमातही, नेतृत्व व बरेच खेळाडू बदलूनही, संघाने पुन्हा सलग नऊ सामने गमावले. तीन मोसमांतील सर्वांत दीर्घ पराभवमालिका अनुक्रमे सात, नऊ व नऊ अशा आहेत. एकूण ४६ सामन्यांत १२ विजय, ३३ पराभव व एक अनिर्णित सामना असा हिशेब असून प्रत्येक मोसमात विजयांची संख्या नेमकी चारच आहे. कर्णधार बदलले, मैदान बदलले, फळ बदलले नाही. मे २०१३ मध्ये सहाराने स्पर्धेतून माघार जाहीर केली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये नियामक मंडळाने संघाची मान्यता रद्द केली. मैदानावरील पडझडीमागे संस्थेची अस्थिरता उभी होती, हे या क्रमावरून दिसते.

निष्कर्ष

उत्तरार्धातील पडझड उत्तरार्धात दिसते, पण ती घडण्याची कारणे बहुतांशी आधीच अस्तित्वात असतात, असे या उदाहरणावरून म्हणता येईल. हुकलेला लिलाव, प्रमुख खेळाडूची अनुपस्थिती, पाठलागातील उणीव आणि नव्याने मिळालेले घर यांची गोळाबेरीज एप्रिलमधील चार विजयांनी काही काळ पुढे ढकलली, एवढेच. दडपणाचा वाटा नाकारता येत नाही. तथापि सारे खापर त्यावर फोडल्यास दोष मैदानावरील अकरा जणांवर येतो आणि संघ उभारणारी व्यवस्था नामानिराळी राहते. पराभवाचा इतिहास लिहिण्याची गरज नेमकी येथे आहे.

पुढे २०१६ व २०१७ अशी दोनच वर्षे पुण्याच्या नावाने दुसरा संघ खेळला. २१ मे २०१७ रोजी हैदराबाद येथील अंतिम सामन्यात तो मुंबईकडून हरला, आणि तोही एकाच धावेने. ३ मे २०१२ आणि २१ मे २०१७ या दोन्ही पराभवांत अंतर आणि प्रतिस्पर्धी सारखेच होते. परंतु पहिला पराभव तळाकडे जाणाऱ्या वाटेवरचा होता, दुसरा शिखरापासून एका पावलावरचा. एका धावेचा अर्थ त्या धावेत नसून तिच्या मागेपुढे असलेल्या मोसमात असतो, हे या तुलनेतून स्पष्ट होते.