कॅमेरा बॅग

कॅमेरा बॅग म्हणजे कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, मेमरी कार्डे इत्यादी छायाचित्रण साहित्याची ने-आण करण्यासाठी बनवलेली, आतून मऊ अस्तर व कप्पे असलेली पिशवी होय. धक्के, धूळ व ओलावा यांपासून साहित्याचे रक्षण करणे आणि ते गरजेच्या क्षणी चटकन हाती देणे, ही तिची दोन मुख्य कार्ये आहेत. ही कार्ये अनेकदा परस्परविरोधी ठरतात. जाड अस्तर व बंदिस्त रचनेच्या बॅगेतून कॅमेरा काढण्यास वेळ लागतो, तर सहज उघडणाऱ्या बॅगेत संरक्षण कमी मिळते. मदतनीसाविना काम करणाऱ्या छायाचित्रकाराला छायाचित्र टिपणे, लेन्स बदलणे आणि साहित्यावर लक्ष ठेवणे ही सर्व कामे स्वतःच करावी लागत असल्याने त्याच्यासाठी बॅगेची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

इतिहास

सुरुवातीच्या काळात कॅमेरे चामड्याच्या कडक आवरणात, तर अधिक साहित्य लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्यांत ठेवले जाई. पेटीतील साहित्य काढण्यासाठी ती खाली ठेवून उघडावी लागत असल्याने ती फिरत्या कामास गैरसोयीची होती. १९७० च्या दशकात फिलाडेल्फिया इन्क्वायरर या अमेरिकी वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डॉमकी यांनी कॅनव्हासची मऊ, अंगालगत राहणारी खांद्यावरची बॅग तयार केली. ‘एफ-२’ या नावाने ती वृत्तछायाचित्रकारांमध्ये लोकप्रिय झाली. इंग्लंडमध्ये मार्टिन बिलिंगहॅम यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेली कंपनी आरंभी मासेमारीच्या पिशव्या बनवीत असे. या पिशव्या न्यूयॉर्कमध्ये कॅमेऱ्यांसाठी वापरल्या जात असल्याचे आढळल्यावर ती कॅमेरा बॅगांच्या निर्मितीकडे वळली.

प्रकार

• खांद्यावरची बॅग : वरून उघडते, उभ्याने लेन्स बदलता येते. मात्र सर्व भार एका खांद्यावर येतो.
• पाठीवरची सॅक : भार दोन्ही खांद्यांवर विभागला जातो. कमरेचा पट्टा असल्यास त्याचा मोठा भाग कमरेवर येतो. साहित्य काढण्यासाठी बहुधा सॅक उतरवावी लागते.
• स्लिंग बॅग : एकाच तिरक्या पट्ट्याची, पाठीवरून छातीकडे फिरवता येते. एक कॅमेरा व एक-दोन लेन्स एवढ्या साहित्यास योग्य.
• कमरेची बॅग : दोन्ही खांदे मोकळे राहतात, परंतु क्षमता मर्यादित असते.
• ट्रॉली बॅग व कडक पेटी : विमानतळ, सभागृह अशा सपाट जागी सोयीची, पायवाटा, पायऱ्या व गर्दी यांत निरुपयोगी.

एकट्याने छायाचित्रण करताना निवड

बॅग खाली ठेवल्यास तिच्याकडे पाहणारे दुसरे कोणी नसल्यामुळे काम चालू असताना ती अंगावरच ठेवता येणे, हा निवडीचा पहिला निकष मानला जातो. म्हणून सॅकपेक्षा लहान क्षमतेची स्लिंग किंवा खांद्यावरची बॅग शहरातील व उत्सवांतील छायाचित्रणास अनेकदा सोयीची पडते. वारी किंवा गणेश विसर्जनाची मिरवणूक अशा गर्दीत बॅग पुढे घेता येणे आवश्यक असते. पाठीकडील बाजूने उघडणारी सॅक अंगावर असताना इतरांना उघडता येत नाही. शिवाय ती जमिनीवर ठेवून उघडताना पाठीला टेकणारी बाजू वर राहत असल्याने पट्ट्यांना चिखल लागत नाही.

दुसरा निकष वजनाचा आहे. उदाहरणार्थ, कॅनन ५डी मार्क ४ हा कॅमेरा बॅटरीसह सुमारे ८९० ग्रॅम, २४-७० मिमी एफ/२.८ लेन्स सुमारे ८०० ग्रॅम आणि ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स सुमारे १.५ किलो भरते. म्हणजेच केवळ तीन वस्तूंचा भार सव्वातीन किलोच्या आसपास जातो. त्यात बॅगेचे स्वतःचे वजन, पाणी व ट्रायपॉड यांची भर पडते. मोठ्या बॅगेत रिकाम्या जागा भरण्याकडे कल होत असल्याने आधी त्या दिवसाचे साहित्य ठरवून मग बॅग निवडणे उपयुक्त ठरते. गड-किल्ल्यांच्या चढाईत दोन्ही हात मोकळे राहणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक असल्याने तेथे छातीचा व कमरेचा पट्टा असलेली सॅक योग्य असते. कॅमेरा लवकर हाती यावा म्हणून काही सॅकांना बाजूनेही चेन दिलेली असते.

ओलावा व बुरशी

बॅगेचे कापड जलरोधक असले तरी शिवण व चेन यांतून पाणी आत शिरू शकते. त्यामुळे सह्याद्री व कोकणातील पावसात स्वतंत्र पावसाळी आवरण वापरतात. ओलसर, बंद व अंधाऱ्या जागेत लेन्सवर बुरशी वाढते आणि तिच्यामुळे काचेवरील लेप कायमचा खराब होऊ शकतो. यासाठी भिजलेली बॅग रिकामी करून वाळवली जाते आणि साहित्य दीर्घकाळ बॅगेत न ठेवता कोरड्या कपाटात किंवा सिलिका जेल असलेल्या हवाबंद डब्यात ठेवले जाते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आल्यावर थंड काचेवर बाष्प साचते. साहित्य बाहेरील तापमानाला येईपर्यंत बॅग बंद ठेवल्यास हे टळते.

विमानप्रवास

भारतातील देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमी श्रेणीसाठी हातसामानाची मर्यादा सामान्यतः ७ किलो असते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या सामानकक्षात देता येत नाहीत. त्या हातसामानातच, टोके झाकून न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांहून अधिक क्षमतेच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. कॅमेऱ्यांच्या नेहमीच्या बॅटऱ्या या मर्यादेपेक्षा पुष्कळ लहान असतात. एकट्या प्रवाशाचे जास्तीचे वजन वाटून घेणारा सोबती नसल्याने रिकाम्या बॅगेचे वजन येथेही निर्णायक ठरते.